फॉर्मवरचा चौथा प्रश्न

माउंट रॉस्किल, शनिवार, ३ मे २०२५

कलावती,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. तुला वाटलं असतं, काम आहे म्हणून गोड बोलतेय. काम आहेच, ते सांगतेच.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस. फोन उचलत नाहीस, ईमेलला उत्तर नाही. मग राहिलं काय? पोस्ट. तुझ्या मैत्रेयने जानेवारीत माझ्या अनुयाला कार्ड पाठवलं होतं, त्यावरून तुमचा हॉर्नबीचा पत्ता उतरवून घेतला. दहावीनंतर हाताने एवढं मराठी लिहिलेलं नाही गं मी. अंगठा आत्ताच दुखायला लागलाय.

बातमी अशी की शाळेने हो म्हटलं! २३ जुलैपासून दर बुधवारी अकरा ते बारा मातृभाषेचा तास. सामोअन, टोंगन, गुजराती आणि मराठी. शाळेच्या वेळात, शाळेच्याच खोलीत. शनिवारी नेटबॉल की मराठी, ही रडारड संपली. आपण दोघींनी माझ्या गॅरेजमध्ये चार पोरं घेऊन सुरू केलेला वर्ग, पोरं जँडल्स दारात काढून सतरंजीवर बसायची तो, आता टाइमटेबलात छापून येणार. मुख्याध्यापिका मिसेस फेतूंनी स्वतः बोलावून सांगितलं. मी ऑफिसातच टाळ्या वाजवल्या, रिसेप्शनवरची बाई बघतच राहिली.

आता काम. एक फॉर्म भरायचाय, चार प्रश्नांचा. मुलं किती? निदान दहा हवीत, माझ्याकडे बारा आहेत. शिकवणार कोण? मी, बुधवारी फार्मसीतून सुट्टी घेतलीय. शिकवणार काय? तेही लिहिलं. चौथा प्रश्न विचित्र आहे. 'तुमची भाषा बोलणारी कोणती कुटुंबं या वर्गात नाहीत, आणि का?' म्हटलं हा कसला प्रश्न! कोरा सोडला. मिसेस फेतूंनी फॉर्म परत माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "वर्ग तुम्ही दोघींनी सुरू केला होता ना? मैत्रेयची आई कुठे आहे?"

तर एवढंच कर. दोन ओळी लिहून पाठव, की नवऱ्याच्या आणि तुझ्या नोकरीसाठी क्राइस्टचर्चला शिफ्ट झालो म्हणून वर्ग सोडला. खोटं काय आहे त्यात? शिफ्ट झालातच की. फॉर्म २७ जूनपर्यंत गेला नाही तर मराठीचा तास रद्द. आपली खोली दुसऱ्या भाषेला जाईल, आणि आपण बसू पुन्हा गॅरेजमध्ये.

एका फोटोवरून माणसाने एवढं ताणू नये, असं माझं अजूनही मत आहे. पण ते जाऊ दे. मैत्रेयला पापा. अनुया त्याची आठवण काढते.

कल्याणी


न्यू लिन, फार्मसीच्या मागची खोली, मंगळवार, २० मे

कलावती,

सतरा दिवस झाले. पहिले दहा दिवस पोस्टाला शिव्या दिल्या, नंतरचे सात तुला. आता लंच ब्रेकमध्ये डबा पुढ्यात घेऊन लिहितेय, कागदावर आमटीचा डाग पडला तर समजून घे.

तू लिहिणार नाहीस हे कळलं. तरी लिहितेय, कारण मला दुसरं कुणाला सांगता येत नाही.

अनुया मराठी बोलेनाशी झालीय. समजतं सगळं. 'पोळी वाढू का?' विचारलं की 'आयम फुल, मम'. मागच्या वर्षी दोघं आमच्या ट्रॅम्पोलिनवर कशी भांडायची आठवतंय? 'थापा मारू नको, माझा टर्न आहे!' 'तू चीटर आहेस, मी आईला सांगेन!' मी चहा ओतता ओतता तुला टेचात म्हणायचे, बघ, माझ्या शिकवण्याचा परिणाम! डोंबलाचा परिणाम. ती मैत्रेयशी बोलायची म्हणून बोलायची. तो गेल्यावर तिला मराठीत भांडायला कुणी उरलंच नाही. मी आहे म्हणा, पण आईशी भांडण्यात काय मजा! परवा आईचा पुण्याहून फोन आला. आई विचारतेय, "काय जेवलीस गं?" आणि ही मला म्हणते, "टेल हर पास्ता." आजी आणि नात यांच्यामध्ये मी दुभाषी. आईचा चेहरा बघवेना मला. बुधवारच्या तासासाठी जिवाचं एवढं रान करतेय ते ह्यासाठी. शाळेत रोज दिसणारी दहा-बारा पोरं तिथेच मराठी बोलतील, तर कदाचित हिलाही तोंड फुटेल.

बरं. फोटोचं.

मागच्या पत्रात 'एका फोटोवरून' लिहिलं. फोटो दोन होते. पहिला माझा. दसरा शनिवारी, वर्गाच्या दिवशीच आला म्हणून मी पाटीपूजन ठेवलं, गॅरेज पुरेना म्हणून आपण भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये. सरस्वतीचा फोटो, हार, आणि फायर अलार्म बोंबलू नये म्हणून बॅटरीची पणती. कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही, आमच्या शाळेत दरवर्षी व्हायचं. पुढच्या शनिवारी तू सावित्रीबाईंचा फोटो घेऊन आलीस आणि काही न बोलता शेजारी ठेवलास. आणि मी सगळ्या आयांसमोर म्हणाले, "कलावती, वर्गात राजकारण नको हं." वर हसले पण.

तू फोटो पिशवीत परत ठेवलास. तास संपेपर्यंत मागच्या खुर्चीवर बसून पोरांना ग्लू स्टिक देत राहिलीस, शेवटी खुर्च्याही रचून ठेवल्यास. पुन्हा आली नाहीस. दीड महिन्याने शाळेच्या ऑफिसातून कळलं की मैत्रेयचं नाव काढलं.

मी घरी नितीशला सांगितलं तेव्हा नवरा म्हणून माझी बाजू न घेता त्याने एवढंच विचारलं, "तुझ्या फोटोला ती काही म्हणाली होती?" मी म्हटलं, नाही. "मग?" म्हणाला. मी म्हटलं, तुला नाही कळायचं, आणि कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेले. तो नेहमी म्हणतो, तू 'सगळे' म्हणतेस तेव्हा तुला 'आपले' म्हणायचं असतं. मला ते फार लागतं, कारण तो शांतपणे म्हणतो.

माझं चुकलं. लिहिलं एकदाचं. माझा फोटो म्हणजे संस्कृती आणि तुझा म्हणजे राजकारण, हे कुठलं शहाणपण! पण कलावती, एवढ्यासाठी कुणी शहर सोडतं का गं? एक वाक्य जिभेवरून घसरलं. तू मला तिथेच दोन शब्द सुनावले असतेस, मी ऐकून घेतले असते. निदान थोडे.

त्या दोन ओळी पाठवशील ना? फिजोआच्या फळांचा सडा पडलाय आमच्याकडे. तू असतीस तर पिशवी भरून नेली असतीस.

कल्याणी


माउंट रॉस्किल, रविवार, ८ जून

कलावती,

काल अनुयाला नेटबॉलहून आणत होते. मागे बसून मँडरिन सोलत होती. मी आपली स्वतःशीच बडबडत होते, की मैत्रेयच्या आईला दोन पत्रं लिहिली, एका फोटोचा काय हा राग! तर मागून आवाज आला, "इट्स नॉट द फोटो, मम. यू पुश्ड हिज हेड."

मी म्हटलं, काय?

"ॲट दसरा. ही डिडन्ट वॉन्ट टू. यू पुश्ड इट डाउन. ही क्राइड इन द टॉयलेट्स. आय वेटेड आउटसाइड."

कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर गाडी थांबवली. आत जाऊन उगाच दूध घेतलं. घरी दूध होतं.

आत्ता तुला लिहायला बसले तेव्हा पहिलं वाक्य लिहिलं होतं, 'मला हे आठवतच नव्हतं.' तो कागद फाडला. आठवत होतं. दोन्ही पत्रं लिहिताना आठवत होतं, म्हणून तर फोटो-फोटो करत बसले.

सगळं लिहिते. हॉलची वेळ संपत आली होती, झुम्बाच्या बायका दाराशी येऊन उभ्या होत्या. पोरं रांगेने येऊन पाटीवर फूल ठेवत होती, वाकत होती. मैत्रेय आला. फूल ठेवलं, हात जोडले आणि तसाच उभा राहिला. मला घाई. म्हटलं, "कर रे बाळा नमस्कार, विद्येची देवता आहे." तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि खाली दाबली. हळूच, प्रेमानेच, असं मी स्वतःला आठ महिने सांगत आलेय. पण त्याची मान ताठ होती गं. माझ्या तळव्याला ती ताठ लागत होती आणि तरी मी दाबली. सहा वर्षांचं पोर.

वर बघितलं तर तू दारात. पांढरी साडी. हातात खिरीचा डबा, सगळ्या पोरांसाठी आणलेला. विहारातला कार्यक्रम आटपून तुम्ही तसेच आला होतात. दसऱ्याचा तो दिवस तुमच्या घरी कोणता असतो हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायलाही मला तोंड नाही. तूच सांगितलं होतंस. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तो दिवस, त्या दिवशी आमच्या आजीने घरातले देव सोडले, असं तू ह्याच डायनिंग टेबलावर सांगितलंस. मी म्हटलं होतं, किती इंटरेस्टिंग.

आणि लहूकाका, मैत्रेयचे आजोबा! ते मागच्या वर्षी फेब्रुवारीत तुमच्याकडे आले होते तेव्हा आपल्या गॅरेजच्या वर्गात पहिल्या दिवशी अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली. तीस वर्षं लातूरकडच्या शाळांमध्ये शिकवलेला माणूस, खडू धरला की पोरं चिडीचूप. चहा पिताना त्यांनी सांगितलं होतं की त्यांच्या लहानपणी गावच्या शाळेत दसऱ्याला सगळ्यांच्या पाट्या आत देवीपुढे मांडायचे, आणि ह्यांच्या पाट्या बाहेर ओट्यावर. ऊन लागून तापायच्या, म्हणाले. हसत हसत सांगितलं. मी रडले होते आणि तुला मिठी मारली होती.

त्यांची पाटी आत येऊ दिली नाही, आणि त्यांच्या नातवाची मान धरून वाकवली. त्यांनाही कुणी विचारलं नाही, त्यालाही नाही. दसऱ्याच्या आठ महिने आधी मी ऐकून रडले होते आणि मग हे मीच केलं. माझी मला इतकी लाज वाटतेय की नितीशसमोरही मान वर होत नाही. त्याला सांगितलं.

आणखी एक. तू वर्गात शिरताना 'जय भीम' म्हणायचीस. मी 'हाय' म्हणायचे. माओरींचं 'किआ ओरा' मात्र मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला म्हणते, अगदी खणखणीत.

त्या दोन ओळी मला नकोत. पाठवू नकोस. मागितल्याबद्दलही माफ कर. तुझ्याच हातून माझं पाप झाकून घ्यायला निघाले होते मी.

फॉर्म कसा भरायचा ते माझं मी बघते.

कल्याणी


माउंट रॉस्किल, शनिवार, २८ जून

प्रिय कलावती,

आज खोडत नाही. तुला चालत नसेल तर तू खोड.

सगळ्या आईबापांना मागच्या रविवारी घरी बोलावलं. भेळ केली होती, म्हटलं तोंडं भरलेली असली की जरा कमी बोलतील. फॉर्म वाचून दाखवला. चौथ्या प्रश्नाखाली काय लिहिलंय तेही. 'हा वर्ग सुरू करणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एक आज यात नाही. ते बौद्ध आहेत. मी वर्गात त्यांना न विचारता पूजा ठेवली, त्यांच्या मुलाला जबरदस्तीने वाकायला लावलं, आणि त्याच्या आईने आणलेला फोटो सगळ्यांसमोर नाकारला. यापुढे ह्या तासात कुठलीही पूजा होणार नाही.' खाली माझी सही.

भेळेचा काही उपयोग झाला नाही. रवींद्र उठूनच उभे राहिले. तुला माहितीयेत ते, गणपतीची वर्गणी त्यांच्याकडे असते, दर शनिवारी पहिले येऊन हीटर लावून ठेवायचे. म्हणाले, "वहिनी, आपल्याच देवाची लाज वाटायला लागली का आता?"

मी म्हटलं, "देवाची नाही हो. माझीच वाटते."

"एका घरासाठी बारा पोरांचं नुकसान करताय."

"नुकसान कसलं? सरस्वती माझ्या घरी आहे, तुमच्याही घरी आहे. रोज पूजा करा की. तास मराठीचा आहे."

"मराठी म्हणजे नुसती अक्षरं नसतात."

"नसतातच," मी म्हटलं. "पण ती लहूकाकांचीही आहे ना? त्यांनीच तुमच्या शुभमला अ काढायला शिकवला."

ते बसले नाहीत. वाईट माणूस नाही गं तो. जाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. परदेशात पोरांना एवढंच देता येतं आणि तेही तुम्ही काढून घेताय, म्हणाले. त्यांची दोन आणि शेजाऱ्यांचा एक, तीन मुलं गेली. बारातून तीन गेली, राहिली नऊ. दहा हवी होती, आणि हातात पाच दिवस. रात्रभर नितीशला बोलून घेतलं, की बघ, खरं बोलल्याचं बक्षीस! बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

मंगळवारी फोन. श्रुती. एक्स-रे डिपार्टमेंटमधली डॉक्टर, उंच, चष्मेवाली. तिला मी दोनदा वर्गाचं निमंत्रण दिलं होतं, दोन्हीदा 'बिझी आहोत' म्हणाली होती. माझं मत तुला आठवतच असेल, की हिला मराठीची लाज वाटते, पोरांना साहेब करायचंय. म्हणाली, "ताई, ग्रुपवर फिरतंय ते खरंय का? तुम्ही असं लिहून दिलंत?"

मी म्हटलं, हो. मनात म्हटलं, आता ही पण ऐकवणार.

"मग अक्षतला आणि त्याच्या बहिणीला पाठवते. आम्हीही विहारातच जातो. तुमच्या जाहिरातीवर सरस्वती होती ना, म्हणून आलो नाही."

तोंडात मारल्यासारखं झालं. जाहिरात मीच केली होती, वीणा कापली जाऊ नये म्हणून तासभर खपले होते. तुला दाखवली होती ना मी? तू म्हणाली होतीस, "छान आहे, पण ह्याच्याऐवजी नुसती अक्षरं चालली असती." मी पुढे ऐकलंच नाही.

तर अकरा झाली. काल, टर्मच्या शेवटच्या दिवशी, फॉर्म घेऊन गेले.

मिसेस फेतूंनी चौथं उत्तर दोनदा वाचलं. मी वाट बघत होते, की आता म्हणतील, मुलाला हात लावलात, तुम्ही कसल्या शिकवणार! त्या उठल्या, कपाटातून एक लिफाफा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "मैत्रेयच्या आईने सांगितलं होतं, तुम्ही स्वतःहून कारण सांगितलंत तरच दाखवायचं."

तुझं अक्षर लगेच ओळखलं. तारीख दसऱ्यानंतर दुसऱ्या आठवड्यातली. म्हणजे माझ्या त्या 'राजकारण नको'नंतर चार दिवसांनी तू शाळेला लिहिलंस. इंग्रजीत होतं, पण मी ते डोक्यात मराठीत करून घेतलंय, तेव्हापासून तेच घोकतेय. 'कल्याणी चांगली शिकवते. मुलं तिचं ऐकतात. तिला काढू नका. पण हा वर्ग शनिवारचा, कुणाच्या तरी मेहेरबानीवरचा राहू देऊ नका. तो शाळेच्या वेळात, शाळेच्या खोलीत घ्या, म्हणजे मराठी शिकायला येणाऱ्या कुठल्याच मुलाला आधी कुणाच्या घरच्या देवापुढे वाकावं लागणार नाही.'

बुधवारचा तास तू आणलास. आणि मी मेली दोन महिने शहरभर मिरवतेय, की शाळेने मला बोलावून घेतलं, माझं काम बघून हो म्हटलं!

मी तिथे बसून रडले, चांगलं हुंदके देऊन. मिसेस फेतूंनी टिश्यूचा डबा सरकवला. चौथा प्रश्न तुझ्या पत्रानंतरच त्यांनी फॉर्ममध्ये घातला, चारही भाषांसाठी. म्हणाल्या, "मी सहा वर्षांची असताना वर्गात सामोअन बोलले म्हणून बाईंनी मला दाराबाहेर उभं केलं होतं. आतून सगळ्यांचा आवाज येत होता. मुख्याध्यापक झाल्यावर मला वाटलं, आता प्रत्येक भाषेला खोली दिली की झालं. मैत्रेयच्या आईचं पत्र आल्यावर कळलं, खोलीच्या आतही दार असतं." मग त्यांनी फॉर्मवर सही केली.

तू माझ्यावर एवढी चिडली होतीस, शहर सोडायच्या बेतात होतीस, आणि तरी लिहिलंस 'तिला काढू नका'. का लिहिलंस गं? मी असते तर लिहिलं नसतं. खरंच नसतं.

ह्याचं उत्तर मागत नाही. रागवून राहायचा तुला पूर्ण हक्क आहे. तुझ्या रागातही माझ्या पोरीचा विचार होता, एवढं मला कळलं.

तुझी,
कल्याणी


माउंट रॉस्किल, बुधवार, २३ जुलै

प्रिय कलावती,

आज पहिला तास झाला. खोली नंबर सहा. शेजारच्या खोलीत सामोअन पोरं एवढ्या मोठ्याने गात होती की आम्हाला ओरडून बोलावं लागलं, म्हणजे मराठी लोकांना काही वेगळं करावं लागलं नाही. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, दुसरं काही नाही. अक्षतच्या बहिणीने पेन्सिल नाकात घातली, ती सोडता सगळं सुरळीत. रवींद्रची बायको खिडकीतून डोकावून गेली. पोरं नाही आणली, पण डोकावली.

लहूकाकांना माझा नमस्कार सांग. तू सांगशील की नाही माहीत नाही. त्यांना सगळं कळलं असेल तर नको सांगूस, मी त्यांना वेगळं लिहीन.

मी तुला चार पत्रं लिहिली, तुझी माफी मागत राहिले. काल लक्षात आलं, की ज्याची मागायला हवी तो सात वर्षांचा आहे आणि त्याला मी एक ओळही लिहिलेली नाही. सोबतचा कागद त्याच्यासाठी. आधी तू वाच. द्यावासा वाटला तर दे, नाही तर फाडून टाक. आपला वर्ग सोडला तेव्हा तो जोडाक्षरांपर्यंत पोहोचला नव्हता, म्हणून मी ती टाळलीत. नावातलं एक तेवढं राहिलंय. ते त्याला येतं.

कल्याणी


मैत्रेय,

तू कसा आहेस? मी अनुयाची आई.

दसरा होता. तू पांढरा सदरा घालून आला होतास. सगळी मुलं वाकली. तू हात जोडून उभा होतास. घरी शिकवलं होतं, तसंच तू करत होतास. मी तुझी मान हाताने खाली दाबली.

तू काही चूक केली नाहीस. चूक मी केली. मी मोठी आहे, मी शिकवते, तरी मी चुकले. तू रडलास, ते मला अनुयाने सांगितलं. मला फार वाईट वाटतं.

ती मान तुझी आहे. ती कधी वाकवायची, कधी नाही, ते तूच ठरव.

मला माफ करशील का? नाही केलंस तरी चालेल.

आज शाळेत मराठीचा पहिला तास झाला. खूप दिवस अनुया मराठी बोलत नाही. आज ती बोलली. हात वर करून तिने विचारलं, "आई, मैत्रेय का गेला?"

सगळी मुलं माझी वाट बघत होती. मी खरं ते सांगितलं.

अनुयाची आई